सुनेनं दिलेल्या रहस्यकथा आणि हातातलं लाल पेन

पत्र :

सप्रेम नमस्कार. पुण्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवून मी निवृत्त झाले. वय ६८. गेल्या वाढदिवसाला सुनेनं मला सुजाता मॅसी यांच्या परवीन मिस्त्री मालिकेतली पहिली दोन इंग्रजी पुस्तकं दिली. १९२१ सालची मुंबई, वकिली करणारी पारशी मुलगी आणि तिनं लावलेला खुनाचा छडा. सुनेला ही मालिका फार आवडलेली. दोघींनी वाचावं आणि रात्री मागचं आवरून झालं की त्यावर बोलावं, अशी तिची इच्छा. पहिलं पुस्तक मी संपवलं, पण मजा आली नाही. पानापानावर मनात येतं, हे तेव्हा होतं का? असं कुणी बोललं असतं का? मुळात १९२१ साली एक बाई वकील म्हणून परक्या घरात जाते आणि चौकश्या करते, हेच पटत नाही. मी समासात खुणा करते आणि त्या सुनेला वाचून दाखवते. परवा ती म्हणाली, 'आई, तुम्ही पेपर तपासताय.' तेव्हापासून तिनं विषय काढलेला नाही. भिशीतल्या मैत्रिणी म्हणतात, या वयात खुनाच्या गोष्टी कशाला, काहीतरी चांगलं वाच. दुसरं पुस्तक कपाटात तसंच आहे. वाचू की तिला परत देऊ? आणि वाचायचं तर कसं वाचू, म्हणजे मलाही त्यात रमता येईल?

– एक माजी शिक्षिका, कोथरूड

उत्तर :

बाई, नमस्कार.

दुसरं पुस्तक परत देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण एवढं आधी सांगून टाकते.

तुम्हाला सगळ्यांत जास्त खटकतेय ती १९२१ सालची बाई वकील. म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करू. या मालिकेत सगळ्यांत कमी कल्पित काय असेल, तर तीच बाई. आणि तिचं मूळ शोधायला मुंबईला जायचीही गरज नाही, येरवड्यापर्यंत गेलात तरी पुरे.

कॉर्नेलिया सोराबजी हे नाव शिकवताना तुमच्या तोंडून कधीतरी गेलं असेल. जन्म १८६६ चा, नाशिकचा. वडील पारशी धर्म सोडून ख्रिस्ती झालेले, आई फ्रान्सिना पुण्यात शाळा काढणारी. कॉर्नेलिया आपल्या डेक्कन कॉलेजातली पहिली विद्यार्थिनी आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. तिचा निकाल असा होता की विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती तिच्याकडे यायला हवी होती. ती नाकारली गेली, कारण ती मुलगी होती. मग इंग्लंडमधल्या काही हितचिंतकांनी पैसे उभे केले (त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या) आणि १८८९ साली ती ऑक्सफर्डला गेली. १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा दिली. अशी परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. पदवी मात्र हातात पडली १९२२ साली, म्हणजे तीस वर्षांनी, कारण ऑक्सफर्ड १९२० पर्यंत बायकांना पदव्याच देत नव्हतं.

या तीस वर्षांत ती घरी बसून राहिली नाही. परपुरुषासमोर न येणाऱ्या बायकांच्या इस्टेटीची, वारसाची, दत्तकाची भांडणं तिनं हाती घेतली. १९०४ मध्ये बंगाल सरकारनं तिला कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या कामावर नेमलं. जमीनदारांच्या विधवा आणि अज्ञान वारस यांच्या मालमत्तेची देखभाल करणारं ते खातं. पुढच्या वीस वर्षांत सहाशेवर बायका-मुलांची कामं तिनं केली, असं सांगतात. बंद घरांत शिरायची, बायकांचं ऐकून घ्यायची, कोण कुणाला फसवतंय ते हुडकून काढायची. तपासाचंच काम हे, फक्त हुद्द्याचं नाव वेगळं.

आता तुमच्या १९२१ सालाकडे येऊ. बायकांना वकिली करू द्यायची की नाही हा प्रश्न त्या वर्षी अक्षरशः कोर्टात होता. कलकत्ता हायकोर्टानं १९१६ मध्ये रेजिना गुहा यांना 'नाही' म्हणून सांगितलं होतं. १९२१ मध्ये पाटणा हायकोर्टानं सुधांशुबाला हाजरा यांना तसंच परत पाठवलं. आणि त्याच १९२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं कॉर्नेलियाचं नाव वकिलांच्या यादीत घेतलं. एकच साल, इंग्रजांचं एकच राज्य, एका कोर्टात होकार आणि दुसऱ्यात नकार. कायदा बदलून हा घोळ मिटला तो १९२३ मध्ये. त्याच वर्षी मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम, लंडनहून बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. लेखिकेनं परवीन उभी केली ती कॉर्नेलिया आणि मिठन या दोघींना समोर ठेवून.

म्हणून मला वाटतं, लेखिकेनं साल फार विचार करून निवडलंय. दार धड उघडंही नाही आणि धड बंदही नाही, असा तो काळ. पुस्तकात आठवून पाहा, परवीन वडिलांच्या फर्ममध्ये सॉलिसिटर आहे. कागद वाचते, मसुदे करते, अशिलांना भेटते, पण कोर्टात उभी राहून बोलत नाही. लेखिकेनं तिला भलतं काही बहाल केलेलं नाही. घर सुधारक, बाप वकील, पैसा हाताशी, समाज पारशी. एवढं सगळं जुळून आल्यावरच ती त्या खुर्चीत बसू शकते, हेही पुस्तक लपवत नाही. तुम्ही विचारता, हे कसं पटावं? तुमच्याच विषयातले पुरावे आधी वाचायला हवेत, असं मी आदरानं सुचवीन.

माझं खरं सांगणं पुढेच आहे. अशा मालिका वाचायच्या त्या नायिकेला काय करता येत नाही यावर डोळा ठेवून. ती किती हुशार, किती धीट, हे कुठलाही लेखक लिहून टाकतो. पण ती कुठे जाऊ शकत नाही, कुणाशी बोलू शकत नाही, कुठल्या कागदावर तिची सही चालत नाही, याची यादी मनात ठेवलीत की तपासाचं प्रत्येक पाऊल वेगळं दिसायला लागतं. आणि मग ध्यानात येतं की त्याच बंधनांमुळे तिला असं काही दिसतं, जे पोलिसाच्या बापाला दिसणार नाही.

पहिल्या पुस्तकाची सुरुवातच घ्या. मलबार हिलवर एक श्रीमंत मुसलमान गिरणीमालक वारलाय. मागे तीन विधवा, तिघी पडद्यात. तिघींनी आपला वारसाहक्क एका धर्मादाय कामाला देऊन टाकत असल्याचे कागद फर्मकडे आलेत. पुरुष वकिलाच्या दृष्टीनं काम संपलं. सह्या आहेत, मग पुढे पाठवा. परवीन तो कागद हातात घेते आणि तिला दिसतं की एकीनं सहीच्या जागी नुसती फुली मारलीय. म्हणजे तिला बहुधा वाचताच येत नाही. मग कागदात काय लिहिलंय ते तिला कुणी सांगितलं? खरं सांगितलं का? आणि सगळं देऊन टाकल्यावर या तिघी खाणार काय? पुढे खून होतो, धावपळ होते, पण मला विचाराल तर रहस्य त्या फुलीतच सुरू होतं. आणि ते उलगडायला त्या बायकांसमोर बसून 'तुम्हाला हे वाचून दाखवलं होतं का?' असं विचारणारी बाईच लागते. फौजदार हा प्रश्न विचारूच शकत नाही. त्याला आत प्रवेशच नाही.

तुम्ही तो प्रसंग वाचताना कदाचित 'असा कागद त्या काळी असा करत असतील का' याकडे पाहत होतात. ती फुली तुमच्या हातून निसटली असेल, तर तेवढी पानं पुन्हा काढून वाचा.

हेच आपल्या पेठांत आणून पाहू. १९०० च्या आसपास सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्यात घरधन्याचा संशयास्पद मृत्यू झालाय, अशी कल्पना करा. फौजदार दिंडीतून आत येईल, चौकात जोडे काढील आणि ओटीवर बसेल. त्याच्यासमोर घरातले पुरुष, दिवाणजी आणि वाड्यातले दोन भाडेकरू येतील. जबाब होतील, पंचनामा होईल. माजघराच्या उंबऱ्याशी मात्र तपास थांबेल. त्या उंबऱ्याच्या आत आलवण नेसलेली एक विधवा आत्या असते. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून आडावर जाणारी ती, चूल पेटवणारी ती. रात्रीचं दूध कुठल्या भांड्यात तापलं आणि सकाळी ते भांडं कोणी घासायला टाकलं, हे तिलाच माहीत. धान्याच्या बळदाच्या दाराशी नवी माती पडलेली तिनं पाहिलेली असते. धाकट्या जावेनं दोन दिवस जेवणाला हात लावला नाही, हे तिच्या नजरेतून सुटलेलं नसतं. पण तिचा जबाब कोण घेणार? ती शुभकार्यात समोर यायची नाही, परपुरुषाशी बोलायची नाही. घरात तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं आणि तिचं मात्र सगळीकडे असतं.

त्या उंबऱ्याच्या आत बसून तिच्याशी चार घटका बोलू शकेल अशी बाई कथेत आली, की रहस्यकथेचा सगळा तोल बदलतो. मला या प्रकारच्या कादंबऱ्या आवडतात त्या एवढ्यासाठी. इतिहासाच्या पुस्तकात या आत्येला ओळ मिळत नाही. इथे तीच मुख्य साक्षीदार असते.

हे कादंबरीकारांच्या डोक्यातूनच निघतं असंही नाही. बडोद्याचं मल्हारराव गायकवाडांचं प्रकरण तुम्ही शिकवलेलं असणार. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचे दरबारातले प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड सापडली. विषप्रयोगाचा आळ महाराजांवर आला आणि सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज, तीन हिंदी, आणि मत फुटलं तेही बरोबर निम्मं-निम्मं. तरी १८७५ मध्ये महाराज पदच्युत झाले. आपण हे शिकताना राजकारण शिकतो. पण त्या चौकशीत अमीना नावाच्या आयेची साक्ष महत्त्वाची होती. रेसिडेंटच्या घरातली ही बाई राजवाड्यात कधी गेली, कुणाला भेटली, काय घेऊन आली, यावर मोठमोठ्या वकिलांनी डोकं लावलं. म्हणजे घरकाम करणाऱ्या बाईला काय ठाऊक आहे, यावर एका संस्थानाचं भवितव्य लटकलं होतं. मालिकेचं चौथं पुस्तक एका आयेच्या अटकेभोवतीच फिरतं. तिथे पोचाल तेव्हा अमीना आठवेल.

तुमच्यासारख्या इतिहासाच्या माणसाला या पुस्तकांत आणखी एक मेजवानी आहे : कायदा. साध्या रहस्यकथेत खुनाचं कारण पैसा, मत्सर, सूड. ऐतिहासिक रहस्यकथेत पुष्कळदा त्या मागे एखादं कलम असतं. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आपण सुधारणा म्हणून शिकवतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमानं, पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपत असे. बघा, दिरांनी वहिनीचं लग्न मोठ्या उदार मनानं लावून द्यायला एक कारण लगेच मिळालं की नाही? पारशांच्या १८६५ च्या विवाह कायद्यात नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणावरून बायकोला घटस्फोट मागता येई, पण दुसरी बाई वेश्या असेल तर ते कारण धरलं जात नसे. हे कलम डोक्यात ठेवून परवीनच्या स्वतःच्या भूतकाळाची प्रकरणं वाचा. ती इतकी सावध का, पुरुषांच्या शब्दावर तिचा विश्वास का बसत नाही, हे वेगळं सांगावं लागणार नाही. पहिल्या पुस्तकात मधूनमधून १९१६-१७ सालाकडे जाणारी जी प्रकरणं आहेत, ती कित्येक वाचक 'खुनाकडे चला लवकर' म्हणत उरकतात. मला तीच सर्वांत मोलाची वाटतात. तपास करणारी बाई कशी घडली ते त्यांत आहे.

आता चुकांबद्दल. चुका शोधायची तुमची सवय वाईट नाही आणि ती सोडा असं मी म्हणणार नाही. फक्त त्यांत भेद करा. १९२१ च्या गोष्टीत कुणी डेक्कन क्वीननं पुण्याला आलं, तर ती चूक, कारण ती गाडी १ जून १९३० ला सुरू झाली. पण त्यानं कथेचं काही बिघडत नाही. कागदावर टिपा आणि पुढे चला. दुसरी चूक मात्र गंभीर : माणसं तेव्हाची आणि मनं आजची. बाईनं वडिलांशी भांडून दार आपटावं, कुणाला जात विचारू नये, विटाळ मानू नये, आणि हे सगळं करून तिला काहीच किंमत मोजावी लागू नये, अशी कादंबरी मीही मिटून ठेवते. या मालिकेत किंमत मोजावी लागते. म्हणून मी तिच्या बाजूनं बोलतेय. जिथे परवीन तुम्हाला अति मोकळी वाटेल तिथे तेवढंच बघा, त्या मोकळेपणाचा हिशेब पुढे कुठे चुकता होतो का. झाला, तर लेखिकेला काळ कळलाय. नाही झाला, तर तुमची खूण योग्य.

पण ती खूण पुस्तकाच्या समासात नको. एक वही करा, किंवा पुस्तकातच घडी घालून एक कागद ठेवा. त्यावर पान क्रमांक आणि दोन शब्द. शंका आली की लिहायची आणि वाचन चालू ठेवायचं. फोन उचलून गूगल करायला जायचं नाही. पुस्तक संपल्यावर तो कागद घेऊन बसा आणि मग एकेक शंका फेडा. तुम्हाला दिसेल की निम्म्या शंका पुस्तकानंच पुढे मिटवलेल्या आहेत. ज्या उरतील त्यांच्यासाठी आपल्या गावात ग्रंथालयांची वाण नाही. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून चालू आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून. तुम्हाला तिथली वाट मी सांगायला नको.

इंग्रजीबद्दल तुम्ही काही तक्रार केलेली नाही, तरी एक सांगते. परक्या वाचकांसाठी लिहिलेलं असल्यानं आपल्याला जन्मापासून माहीत असलेल्या गोष्टी तिथे समजावून सांगितलेल्या असतात. खाणं काय, साडी कशी, पडदा म्हणजे काय. ती वाक्यं आपल्यासाठी नाहीत. वरून नजर फिरवून पुढे जा, रागावू नका.

भिशीतल्या मैत्रिणींबद्दल फार बोलत नाही. खुनाची गोष्ट वाचणारं माणूस खुनात रमत नसतं, न्याय होतो की नाही ते बघायला बसलेलं असतं. त्यांच्यापैकी एखादीला पहिलं पुस्तक वाचायला द्या. पुढच्या भिशीला विषय तुम्हाला काढावा लागणार नाही.

आता सून. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत मोलाचं वाटलं ते तिचं वाक्य. 'आई, तुम्ही पेपर तपासताय' हे तिनं वैतागून म्हटलं असेल, पण त्याच्या आधी तिनं काय केलं ते बघा. आपल्याला मनापासून आवडलेली गोष्ट तिनं तुम्हाला आणून दिली आणि रात्रीचा निवांत वेळ तुमच्यासाठी राखून ठेवला. नोकरी-घर करणाऱ्या मुलीकडे तसा वेळ फार नसतो. (तिची नोकरी मी धरूनच चाललेय, पण नसली तरी वेळ तेवढाच मोलाचा.) तिला तुमच्याकडून 'मग पुढे काय झालं गं?' हे ऐकायचं होतं. तिच्या वाट्याला चुकांची यादी आली. तिनं विषय बंद केला यात मला राग कमी दिसतो, हिरमोड जास्त.

हे दुरुस्त करायला माफी मागायची वगैरे गरज नाही. आज रात्री तिला एवढंच विचारा, 'त्या तिघींपैकी तुझा संशय आधी कुणावर गेला होता?' बस. मग ऐका. ती बोलायला लागली की मध्ये साल घालू नका. तुमच्याजवळ जे आहे ते तिच्याजवळ नाही, हेही विसरू नका. कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणजे काय, रेसिडेंटचा अधिकार किती, दत्तक वारस नाकारला की संस्थानाचं काय व्हायचं, हे तिला वाचताना अडलेलं असणार. तिनं विचारलं की सांगा. ज्या माहितीनं आतापर्यंत तिची मजा घालवली, तीच माहिती तिनं विचारल्यावर दिलीत तर तिला हवीहवीशी वाटेल. तुम्ही इतकी वर्षं वर्ग सांभाळलेत. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला सांगणं आणि न विचारता सांगत सुटणं यातला फरक तुम्हाला माझ्याहून चांगला माहीत आहे.

एखाद्या रविवारी दोघी मिळून बाहेर पडा. येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या त्या दगडी इमारतीपाशी जा. तिथे कॉर्नेलिया शिकायला जात होती, एवढं सुनेला सांगितलंत तरी पुष्कळ. कॉर्नेलियाची बहीण सूझी हिनं काढलेली सेंट हेलेना शाळा पुण्यात आजही भरते. तिसरं पुस्तक सुरू कराल तेव्हा शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातल्या महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याकडे जाऊन या. ते पुस्तक घडतं नोव्हेंबर १९२१ मध्ये, प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला आणि शहरात दंगल उसळली त्या दिवसांत. त्याची मिरवणूक जात असतानाच कॉलेजातली एक विद्यार्थिनी वरच्या मजल्यावरून पडून मरते. हाच राजपुत्र १७ नोव्हेंबरला मुंबईत उतरला आणि १९ तारखेला पुण्यात होता, शिवस्मारकाचा कोनशिला समारंभ करायला. मुंबई धुमसत असताना गांधीजींनी उपास धरला, तोही १९ लाच. हे तुम्ही सांगाल तेव्हा सून पुस्तक बाजूला ठेवून ऐकेल, असं मला वाटतं. पुतळा मात्र नंतरचा, १९२८ मध्ये बसलेला. हे तिला आधीच सांगून ठेवा.

पुस्तकं क्रमानंच वाचा. प्रत्येकातला खून स्वतंत्र आहे, पण परवीनचं आयुष्य एकातून दुसऱ्यात चालत जातं आणि मधलं पुस्तक गाळलं की तो धागा हातात राहत नाही. मालिकेत रमल्यावर कॉर्नेलियाचं १९३४ चं आत्मकथन 'इंडिया कॉलिंग' मिळवा. तिची राजकीय मतं तुम्हाला पटणार नाहीत. ती इंग्रजांच्या बाजूची होती आणि गांधींची विरोधक. पण पडद्याआडच्या घरांत तिनं काय पाहिलं ते तिच्याच शब्दांत वाचायला मिळेल. सोबतीला रमाबाई रानड्यांच्या आठवणी पुन्हा काढा. १९१० साली आलेलं ते पुस्तक तुम्ही पूर्वी वाचलं असेल ते न्यायमूर्तींसाठी. या खेपेला घरातल्या बायका काय बोलतात, कशा बोलतात आणि कुठे गप्प राहतात, एवढ्यासाठी वाचा.

आणि ते दुसरं पुस्तक, कपाटात बसलेलं. त्यात सह्याद्रीतलं सातापूर नावाचं एक कल्पित संस्थान आहे. राजा आजारानं गेला, थोरला मुलगा शिकारीत गेला, मागे राहिला एक लहान युवराज. त्याच्या शिक्षणावरून दोन राण्यांचं पटत नाही. दोघी पडद्यात, पुरुषाशी बोलत नाहीत, म्हणून सरकारला परवीनला पाठवावं लागतं. त्या दोन राण्या एकमेकींच्या कोण, माहितीये? सासू आणि सून. माझं ऐकाल तर हे पुस्तक दोघींनी एकाच वेळी वाचा. एकच प्रत असेल तर रोज दोन प्रकरणं मोठ्यानं वाचा, एक दिवस तुम्ही, एक दिवस तिनं. वाचताना तुम्ही धाकट्या राणीची बाजू घ्यायची आणि तिनं थोरलीची. शेवटची प्रकरणं मात्र दोघींनी एका बैठकीत संपवायची. कुणी आधी चोरून वाचलंच, तर तिनं तोंडातून अक्षर काढायचं नाही.

तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचलात की मला जरूर कळवा. आणि त्या कागदावरच्या किती शंका उरल्या, तेही.